लिंबू धरलेला हात

दिनकरपंतांशी बोलत असलं की ते मध्येच आकडे मोजू लागत. ओठ हलत, आवाज नसे. समोरचा माणूस आपलं गाऱ्हाणं सांगत असे आणि पंत त्याच्या कपाळाकडे बघत सहा, सात, आठ करत असत. पहिल्या भेटीत मला वाटलं, गृहस्थ जप करताहेत, आणि मी उगाचच आदरानं गप्प बसलो. पुढं कळलं की माझ्या तोंडावर उजेड किती पडलाय आणि माझी तसबीर काढायची तर किती आकडे लागतील, हे ते बघत होते. बारा, असं त्यांनी मला निघताना सांगितलं. दुपारी आलात तर आठ.

ठाण्याला टेंभी नाक्याच्या अलीकडे एका माडीवर त्यांची खोली होती. उत्तरेकडची कौलं काढून त्यांनी तिथं काचा बसवल्या होत्या, म्हणून लोक त्यांना काचवाले म्हणत. मी मिठाच्या खात्यात कारकून, म्हणून ते मला मीठवाले म्हणत. आमची निम्मी मैत्री या दोन नावांवर चालली. त्यांची बोटं औषधांनी कायमची काळी झाली होती. पंगतीत त्यांच्या शेजारचा माणूस आपला पाट हळूच सरकवून घेई. पंतांना ते दिसे. पुढं पुढं ते आपण होऊनच पंगतीच्या टोकाला जाऊन बसू लागले आणि कोणी विचारलं तर इथं उजेड बरा आहे, असं सांगत. ते मूळचे कुठले आणि या उद्योगात कसे पडले, हे मी विचारलं नाही. त्यांच्याकडे गेलं की असले प्रश्न सुचतच नसत.

त्या काळी तसबीर काढून घेणं म्हणजे एक शिक्षाच होती. पाठीमागं लोखंडी काठी उभी करून तिच्या चिमट्यात मान अडकवत. मग पंत काळ्या कापडातून बाहेर येत, तसबिरीच्या पेटीच्या तोंडावरची टोपी काढत आणि म्हणत, "राहा." आकडे संपले की टोपी लावत आणि म्हणत, "झालं." या दोन शब्दांच्या मध्ये माणसानं भिंत व्हायचं. एक पेन्शनर शिरस्तेदार एकदा सगळा सरंजाम चढवून आले. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की श्वास घेतला तर छबी फुटते. त्यांनी राहा ऐकताच श्वास कोंडला आणि विसाव्या आकड्याला ते चिमट्यासकट आडवे झाले. पंतांनी त्यांना पाणी पाजलं, वारा घातला, आणि मग पेटीतली छबीची काच धुऊन बघितली. तिच्यात रिकामी खुर्ची होती आणि खुर्चीवर एक पगडी. शिरस्तेदार रागावतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी ती तसबीर मागून नेली आणि दिवाणखान्यात लावली. म्हणाले, आमच्या नोकरीचं यापेक्षा खरं चित्र निघायचं नाही.

पंतांच्या पेटीत मागच्या काचेवर जग उलटं दिसे. डोकं खाली, पाय वर. कापडाखाली डोकं घालून ते तासन्‌तास तसं बघत बसत, पुढ्यात कोणी नसलं तरी. मासुंद्याच्या तळ्याकाठी पेटी लावून त्यांनी एकदा अख्खी सकाळ काढली आणि एकही काच खर्च केली नाही. काय बघत होतात, म्हटलं तर म्हणाले, देऊळ पाण्यात सुलटं दिसत होतं. उलटं बघितल्याशिवाय माणूस कळत नाही, असंही ते म्हणत; उलट्यावर तोंडदेखलं काही शिल्लक राहत नाही. मला हे सगळं थोडं वेड्यासारखं वाटे आणि ऐकत बसावंसंही वाटे.

अशा या माणसाला राणू वस्ताद दिसले, आणि त्याचं स्थिर बसलेलं जग हललं.

राणू वस्तादांची तालीम कल्याणला, दुर्गाडीच्या पायथ्याशी. वय साठीच्या पुढं, अंगानं काटक, बोलणं कमी. ते दांडपट्टा खेळत. कोपरापर्यंत हात आत जाईल अशी लोखंडी मूठ आणि तिच्या पुढं पुरुषभर लांब लवतं पातं. दर दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की ते अंगणात उतरत आणि बाळू कुंभार त्यांच्यासमोर उजवा तळहात पसरून उभा राही. तळहातावर एक लिंबू. वस्ताद पट्टा फिरवत फिरवत येत, आणि लिंबाच्या दोन फोडी होत. तळहाताला ओरखडा नाही. वीस वर्षं हाच कुंभार, हाच हात. कल्याणकर मंडळी म्हणत, आमच्याकडं दसरा सोन्यानं नाही, लिंबानं होतो.

पंत त्या वर्षी पेटी घेऊन गेले होते. परत आले ते थेट माझ्या कचेरीत. हातात काच. तिच्यावर अंगण होतं, कुंभार होता, त्याचा हात होता, हातावर लिंबाच्या दोन फोडी होत्या. वस्ताद नव्हते. ते असायला हवे तिथं धुक्यासारखं काहीतरी पांढरं होतं.

पंत म्हणाले, नव्या कोरड्या काचा विलायतेहून येताहेत, त्या फार चपळ आहेत, छबी झटकन धरतात, पण उजेड हवा. आहे त्याच्या दुप्पट, चौपट. तो उजेड कुठं असतो हे मला ठाऊक आहे आणि त्याची किल्ली तुमच्याकडे आहे.

त्यांना मिठागर हवं होतं. मिठागरात पाऊल टाकायला तेव्हा परवानगी लागे, चिमूटभर मीठ उचललं तरी गुन्हा. पट्टा घेतलेल्या माणसाला आणि काळ्या पेटीला आत सोडण्याबद्दल कुठल्याच नियमात काही लिहिलं नव्हतं. लिहिलं नाही म्हणजे मना नाही, असा अर्थ मी आयुष्यात एकदाच काढला, तो पंतांसाठी.

माघापासून दर आठवड्याला एकदा वस्ताद ओहोटीबरोबर कल्याणहून पडावातून कोलशेतच्या मिठागरापाशी उतरत आणि भरतीबरोबर परत जात. खाडीवर सकाळचं धुकं असे. त्यातून आधी वल्ह्यांचा आवाज येई, मग नाळेवर, पडावाच्या पुढच्या टोकाला, बसलेले वस्ताद दिसत, मांडीवर गोधडीत गुंडाळलेला पट्टा. दुपारी ऊन चढलं की मिठाच्या राशींकडे बघवत नसे. वरून उजेड, खालून उजेड, चारी बाजूंनी उजेड. माणसाला सावलीच पडत नसे. त्या पांढऱ्या रानात वस्ताद उघड्या अंगानं पट्टा फिरवत आणि पंत कापडाखाली. काम सोडून आगरातली बायामाणसं बांधावर येऊन बसत. एक म्हातारी दर खेपेला म्हणे, "यो मानूस नाय, वारा हाय." मला आजही ती दुपार डोळे मिटले की दिसते, आणि खरंच अशी दुपार होती का, असा संशय येतो.

तरीही वस्ताद काचेवर येईनात. मिठाच्या राशी येत, आकाश येई, बांधावरची म्हातारी येई. वस्तादांचे पाय येत, कधी कंबर. पट्टा कधीच नाही. पंतांनी त्यांना एक काच दाखवली तेव्हा वस्तादांनी ती उन्हाकडं धरून फार वेळ बघितली. त्यांना मुलगा नव्हता. शिकवलेली पोरं रेल्वेत आणि गिरणीत लागली होती. त्यांना बावीस हात येत होते, म्हणजे पट्ट्याचे बावीस डाव, आणि त्यातले निम्मे आता त्यांच्याखेरीज कोणालाच येत नव्हते. पंतांना एक तसबीर हवी होती. वस्तादांना बावीस हव्या होत्या. आपण गेल्यावर हे हात कोणीतरी बघून शिकावेत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

तेव्हा पंतांनी ती गोष्ट सुचवली. हळू करा, म्हणाले. मोक्याच्या जागी क्षणभर थांबा. मी राहा म्हणेन, तुम्ही राहा. झालं म्हटलं की पुढं चला.

"थांबला की ते निस्तं लोखंड व्हतं, पंत," वस्ताद म्हणाले.

पंतांनी नुसती ती रिकामी काच पुन्हा त्यांच्या हातात दिली.  पुढच्या खेपेपासून वस्ताद हळू करू लागले.

आणि काचा भरू लागल्या. पहिला हात, दुसरा हात, पाचवा. कंबरेतून वळलेले वस्ताद, डोक्यावर धनुष्यासारखा वाकलेला पट्टा, पात्यावरची उन्हाची रेघसुद्धा. पाऊस लागला तेव्हा थांबलो, पण नारळी पौर्णिमेनंतर उघडीप बघून तालमीच्या अंगणातच काम सुरू झालं. शेवटचा हात लिंबाचा. तो सगळ्यांत जास्त दिवस चालला. कुंभाराला सारखं बोलवायचं नको म्हणून पालथ्या उखळावर लिंबू ठेवत. पट्टा खाली येई, लिंबापासून वीतभर अंतरावर पंत म्हणत, राहा. पट्टा थांबे. झालं म्हटलं की लिंबू तुटे. वस्तादांना त्यात गोडी वाटू लागली होती. काचांवरून कागदावर उतरवलेल्या तसबिरी ते अंथरुणाखाली ठेवत आणि आल्यागेल्याला दाखवत. पंत तर त्या दिवसांत आकडे मोजायचे विसरले होते. इतका सुखी माणूस मी नंतर पाहिला नाही.

दसरा आला. शस्त्रपूजा झाली, अंगण भरलं. पंत एका बाजूला पेटी लावून कापडाखाली होते, मी त्यांच्या शेजारी. बाळू कुंभारानं हात पसरला. वस्ताद फिरत फिरत आले, पट्टा वर गेला, खाली आला, आणि लिंबाच्या वीतभर वर थबकला. अगदी पापणी लवण्याइतका. मग स्वतःच्या वजनानं तिरपा खाली पडला.

लिंबू अर्धवट कापलं गेलं. कुंभाराच्या अंगठ्याच्या मुळाशी रक्त आलं आणि मग पुष्कळ आलं.

 कुंभारानं मूठ मिटली आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "वस्ताद, माजाच हात हालला."

वीस वर्षांत त्याचा हात हलला नव्हता, हे त्या अंगणातल्या पोरासोरांनाही माहीत होतं. वस्तादांनी मुठीतून हात काढला, पट्टा पुसला, खुंटीला लावला आणि आत गेले.

परतताना पडावात पंत माझ्यासमोर बसले होते.  पाण्याकडं बघत म्हणाले, "मीठवाले, मी कापडाखाली राहा म्हणालो का?"

मी म्हणालो, मला ऐकू आलं नाही. ते खरं होतं.

"मलाही आठवत नाही," पंत म्हणाले. "पण शब्द तोंडात आला होता."

मी त्यांना समजावलं की तुम्ही म्हणालात न म्हणालात, त्या गलक्यात वस्तादांना ऐकू जाणं शक्य नव्हतं. पंत म्हणाले, तेच तर. त्यांना आता ऐकू यायची गरजच उरली नाही. सहा महिने मी तो शब्द त्यांच्या मनगटात भरलाय.

वस्तादांनी त्यानंतर पट्ट्याला हात लावला नाही. कुंभाराची जखम भरली, पण अंगठा पुरता वळेना. त्याच्या मडक्यांचे काठ एका बाजूला किंचित बसके निघू लागले. तो हसून सांगे, माझी मडकी आता लांबून ओळखू येतात. पंतांच्या माडीवर पाणी प्यायला, औषधं कालवायला, पायऱ्यांवर तुळस लावायला सगळीकडे तीच बसक्या काठाची मडकी दिसू लागली. माडीवर येणाऱ्यांना आता लोखंडी चिमटा दिसेना. खूप मागं लागल्यावर पंत एखाद्याची तसबीर काढत, पण राहा म्हणत नसत. नुसतीच टोपी काढत. लोक हलत, तसबिरी बिघडत, आणि पंत त्या बिघडलेल्या तसबिरीकडे बघत बसत.

रविवार आला की ते कल्याणला जात. पेटीशिवाय. पेटी नसलेले पंत मला एकदम उंचीला कमी वाटले. तालमीच्या ओट्यावर जाऊन बसत, वस्ताद आत खाटेवर बसत. दोघांमध्ये दार उघडं असे. बोलणं होत नसे. असे आठवडेच्या आठवडे गेले.

फाल्गुनातल्या एका रविवारी मी बरोबर होतो. पंत अंगणात गेले, बंडीच्या खिशातून लिंबू काढलं, उजव्या तळहातावर ठेवलं आणि हात पसरून उभे राहिले. उखळाच्या पुढं, कुंभार उभा राही तिथंच. मला काही सांगितलं नव्हतं. मी ओट्यावरून उठलो तर त्यांनी डाव्या हातानं मला खाली बसवलं.

वस्तादांनी आतून बघितलं आणि मान फिरवली. ऊन चढत गेलं. ज्या माणसानं अख्ख्या ठाणे गावाच्या माना चिमट्यात धरल्या, तो आता चिमट्याशिवाय उभा होता. त्याच्या ओठांकडे माझं लक्ष होतं. आकडे नव्हते. दंड थरथरू लागला, पण तळहात हलला नाही. दुपार कलली तेव्हा कुंभारही कुठून तरी येऊन भिंतीशी उभा राहिला. मला भीती वाटत होती, आणि कशाची ते नीट कळत होतं. वस्तादांच्या मनगटात तो शब्द अजून असला, तर पंतांचा हात जाणार होता. आणि वस्ताद बाहेर आलेच नाहीत, तर पंत स्वतः जाणार होते.

शेवटी वस्ताद दारात आले.

"हात खाली घ्या पंत," ते म्हणाले. "काचा धरायचा हात हाय त्यो."

"कुंभाराचाही चाकावरचाच होता," पंत म्हणाले.

वस्तादांनी भिंतीशी उभ्या कुंभाराकडे बघितलं. कुंभारानं आपला वाकडा अंगठा वर करून दाखवला आणि मान हलवली. करा, असं त्यात होतं. राग नव्हता.

वस्ताद आत गेले. खुंटीवरून पट्टा काढल्याचा आवाज मी ऐकला. पाच महिन्यांची धूळ त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसली, अंगणात आले, मूठ कपाळाला लावली. पहिले दोन फेरे जड होते. तिसऱ्यात वारा सुटला. मग मला वस्ताद दिसेनासे झाले. पंत मात्र लख्ख दिसत होते, डोळे उघडे, हात पसरलेला. वस्ताद पुन्हा दिसले तेव्हा ते अंगणाच्या पलीकडच्या टोकाला उभे होते आणि पंतांच्या तळहातावर लिंबाच्या दोन फोडी होत्या. मी तळहात उलटासुलटा करून बघितला. काळ्या बोटांच्या त्या हातावर ओरखडासुद्धा नव्हता. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

वस्ताद धाप लागून ओट्यावर बसले. थोड्या वेळानं म्हणाले, त्या तसबिरी घेऊन जा. त्यात माझे हात न्हाईत, माझं थांबणं हाय.

त्यांनी अंथरुणाखालचा गठ्ठा पंतांना देऊन टाकला. पंतांनी घरी जाऊन तो गठ्ठा चुलीत घातला, त्या तसबिरींच्या मूळ काचा गरम पाण्यात टाकल्या आणि एकेक करून खरवडल्या. मी म्हणालो, निदान एक ठेवा, वस्तादांच्या मागं काय राहील. ते म्हणाले, चुकीचं राहण्यापेक्षा न राहिलेलं बरं. मला ते तेव्हा पटलं नाही. आजही पुरतं पटलेलं नाही.

त्यानंतर दसऱ्याला लिंबू पंतांच्या हातावर असे. कुंभारच त्यांना जागेवर उभं करी आणि बोटं किती ताणायची ते सांगे. असे चार दसरे झाले. चौथ्या वर्षी वस्ताद फारच थकले होते. सगळ्यांना कळत होतं की हा शेवटचा. त्या दिवशी पंतांनी पडावात माझ्याकडे पेटी दिली. इतक्या वर्षांनी ती पुन्हा माडीबाहेर पडली होती.

"आज तुम्ही कापडाखाली जा, मीठवाले. टोपी काढायची, तीन मोजायचे, लावायची. तोंडानं काही म्हणायचं नाही."

मी म्हणालो, तीन म्हणजे फार झाले. वस्ताद काचेवर यायचे नाहीत.

"माहीत आहे," पंत म्हणाले.

कापडाखाली पहिल्यांदाच डोकं घातलं. उलटं अंगण, उलटी माणसं, आभाळातून लोंबणारं उखळ. पंत उलटे उभे होते आणि त्यांच्या तोंडावर खरोखरच तोंडदेखलं काही नव्हतं. मग काच आत सरकवली, बाहेर आलो, टोपी काढली. तीन मोजले. दुसऱ्या आकड्याला लिंबू तुटलं.

वस्ताद त्या थंडीत गेले. पंतांनी पुढच्याच वर्षी माडी सोडली. कोणी सांगे, नाशिकला बहिणीकडे गेले, कोणी आणखी कुठं सांगे. शेवटचे मला ते कोलशेतच्या बांधावर दिसले. भर दुपार होती, राशी झगझगत होत्या. हातात पेटी नव्हती. मी हाक मारली तेव्हा त्यांनी वळून बघितलं, हात वर केला आणि चालत राहिले. त्या उजेडात आधी त्यांचे पाय दिसेनासे झाले, मग कंबर. मी हातातलं काम टाकून उभा होतो, ते पुरते दिसेनासे होईपर्यंत.

ती तसबीर मात्र माझ्याकडे आहे. पंतांची दुसरी तसबीर कोणाकडेच नाही. दुसऱ्यांच्या काढण्यात त्यांची राहून गेली. अंगणात एक गृहस्थ हात पसरून उभे आहेत, हातावर लिंबाच्या दोन फोडी आहेत, एक अजून पुरती आडवी पडलेली नाही. समोर कोणी नाही, नुसता पांढरा पदर वाऱ्यानं उडून गेल्यासारखा दिसतो. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, हे असे एकटेच काय करताहेत?

एकटे नाहीत, मी सांगतो. नीट बघा, दोघं आहेत. त्यातले एक हलले नाहीत म्हणून दिसतात.